दावणीला बांधलेली बोट

अंबाडखेडच्या रामकिसनचं वावर घरापासून तीनशे पावलांवर होतं आणि सतरा किलोमीटरवरही होतं. दोन्ही अंतरं बरोबर होती, कारण मधे तलाव होता. पावसाळ्यात तो भरला की जुनी गाडवाट पाण्याखाली जायची. मग अंगणातून स्पष्ट दिसणाऱ्या आपल्याच सोयाबीनकडे जायला मेडशीपर्यंत एसटी, तिथून दुसरी एसटी आणि शेवटी दोन किलोमीटर पायपीट असा प्रवास करावा लागे. पाण्याखालच्या त्या गाडवाटेची दुरुस्ती मात्र दर दोन वर्षांनी कागदोपत्री होत असे, आणि तिच्यावर एकही खड्डा नाही असं छातीठोकपणे सांगितलं जाई. खड्डा दाखवायला तिथं बुडी मारणार कोण?

वावरात रोही, म्हणजे नीलगाई, येत. घोड्याएवढी सहा जनावरं. रामकिसन सकाळी चहाचा कप घेऊन काठावर बसे आणि पलीकडे बघून ओरडे. पहिल्या वर्षी रोही पळाले. दुसऱ्या वर्षी त्यांनी मान वर करून पाहिलं. यंदा ते त्याच्या ओरडण्यावरच खायला येऊ लागले होते, कारण हा माणूस ओरडला म्हणजे उजाडलं, हे त्यांना कळून चुकलं होतं.

पोरगा शहरात कामाला होता, म्हणून राखणीला त्याची बायको रंगूबाई जाई. तिला एसटी फुकट होती. तिचं खरं वय छप्पन्न. आधार कार्डावर मात्र कोणाच्या तरी घाईनं ती एकोणऐंशीची झाली होती. तिची सासू वारली तेव्हा कागदावर सून सासूपेक्षा चार वर्षांनी मोठी होती. ही चूक दुरुस्त करून घ्यावी असं तिच्या मनात अधूनमधून येई, पण कंडक्टर "बसा आजी" म्हणाला की तो विचार पुढच्या थांब्यावर उतरून जाई.

ती साडेसातच्या गाडीनं निघे आणि अकराला वावरात पोचे. तोवर रोह्यांचा नाश्ता आटोपून ते सावलीला बसलेले असत. चारला ती परतीची गाडी गाठायला निघाली की ते जेवायला उठत. म्हणजे रोही झोपलेले असताना सोयाबीन राखायचं काम तिनं तीन वर्षं इमानेइतबारे केलं, आणि त्यात तिचे गुडघे कामातून गेले.

"तुमी इथून बोंबलता, मी तिथं जाऊन बसते," एका संध्याकाळी गुडघ्यांना तेल चोळत ती म्हणाली, "अन् थे खाऊन राह्यले तं खाऊनच राह्यले. यंदाचं सोयाबीन गेलं तं पुढल्या साली मी काई जानार नाई. सांगून ठेवते."

"मंग म्या काय करू? पोहत जाऊ?"

"डोंगा आना."

गावात डोंगा होता. मासेमारी सोसायटीचा होता. पण सोसायटी नेमकी कोण, यावर दोन गटांचा वाद पाच वर्षं चालू होता, आणि निकाल लागेपर्यंत डोंग्याला सील ठोकून तो काठावर साखळीनं बांधला होता. त्याच्या तळातून एक बाभूळ उगवून आता शेंगा धरू लागली होती.

तेव्हा रामकिसननं मोबाईलवर जाहिरात शोधली. 'फॅमिली बोट, फोर सीटर, कमी चाललेली, घरगुती वापर, कागदपत्रं क्लिअर.' तीनच दिवसांत तो ती बघायला निघाला, आणि सोबत त्यानं माणिकरावाला घेतलं. तीस वर्षं गावातला कोणताही बैल माणिकरावानं पाठीवर थाप मारल्याशिवाय विकत घेतला गेला नव्हता. पुढं ट्रॅक्टर आले. गावात आता नऊ बैल उरले होते, त्यातला एक जोडीदाराविना. माणिकरावाची पारख मात्र शाबूत होती आणि तिला काम नव्हतं. बोट त्यानं जन्मात पाहिली नव्हती, पण चार माणसं पाठीवर घेऊन चालणारी कोणतीही वस्तू आपल्याला कळते, असा त्याला विश्वास होता.

बोट एका बंद पडलेल्या बागेत होती. तिथला बाबूलाल पूर्वी बागेचा ठेकेदार होता आणि आता नुसता कुलपाचा. त्यानं ताडपत्री ओढली. आत पांढरा हंस बसला होता, फायबरचा, पोटात चार खुर्च्या, पायानं फिरवायची दोन पायडलं, आणि उंच मानेवर लाल अक्षरात सूचना, 'मानेला लटकू नये.'

माणिकरावानं हंसाभोवती तीन फेऱ्या मारल्या. मागच्या पुठ्ठ्यावर थाप मारून आवाज ऐकला. मग वाकून त्याच्या चोचीत पाहिलं.

"दात नाईत."

"हंसाले दात नसते, भाऊ," बाबूलाल म्हणाला.

"मंग वय कसं ओळखाचं?"

"वयाची काई फिकर नोका करू. एका डॉक्टरच्या फॅमिलीनं वापरेल हाय. फक्त संडेले."

सार्वजनिक बागेतली बोट एकट्या डॉक्टरनं कशी काय वापरली, हे विचारायचं दोघांनाही घरी आल्यावर सुचलं.

"चालवून दाखव," माणिकराव म्हणाला. बागेच्या तळ्यात पाणी नव्हतं, म्हणून बाबूलालनं हंसाखाली विटा लावल्या, आत बसला आणि पायडल मारलं. मागचा पंखा हवेत गरागरा फिरला. डावं पायडल उलटं फिरतं, एवढी एक खोड निघाली. मग माणिकरावानं बैलबाजारातल्या रीतीप्रमाणं बाबूलालच्या हातावर उपरणं टाकलं आणि आतून बोटं दाबून भाव सांगितला. बाबूलालला ही रीत ठाऊक नव्हती. अनोळखी माणसानं फडक्याखाली आपला हात घट्ट धरलाय आणि डोळ्यांत डोळे घालून बघतोय, या प्रकारानं तो इतका गांगरला की मिळेल त्या भावाला हो म्हणाला.

"पाठीवर भवरा नाई, शेपूट भुईले लागत नाई, नजर गरीब हाय," माणिकरावानं निकाल दिला. "घेऊन टाक."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत हंस उभा करून ते निघाले. सारा रस्ता नीट पार पडला. गावाच्या वेशीत स्वागत कमान होती. मुळात ती पुरेशी उंच होती, पण एका नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सनं ती दोन फूट खाली आली होती. हंसाची मान नेत्याच्या हनुवटीला लागली. हनुवटीला काही झालं नाही. मान मुळातून तुटून ट्रॉलीत पडली. फ्लेक्स फाटला असता तर गुन्हा दाखल झाला असता. नुसती मान तुटल्यामुळं प्रकरण जागच्या जागी मिटलं.

रंगूबाईनं बिनमुंडक्याची बोट पाहिली. "मुंडकं पायडल मारते का?" तिनं विचारलं. "नाई नं? मंग टाका पान्यात."

तिचं तेव्हाच ऐकलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मानेच्या जागी भगदाड पडलं होतं आणि त्यातून लाट आत आली असती. ते बुजवायला रामकिसननं शालिग्राम सुताराला बोलावलं.

शालिग्रामचा धंदा वर्षातून एकदाच तेजीत येई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मोठ्यांचे खरे बैल आदल्या दिवशी मिरवून झालेले असतात, मग पोरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून ओढत आणतात आणि त्यांची स्पर्धा लागते. ते बैल शालिग्राम करी. भगदाडाचं माप घेऊन तो म्हणाला, "फळी मारू शकतो, पन शोभनार नाई. मान बसवतो."

"हंसाची येते?"

"हंस म्या कधी पाह्यलाच नाई. बैल म्हनसान तं डोळे मिटून करून देतो. एक मुंडकं तयारच पडेल हाय. शाळेनं सांगतलं होतं, न्यालेच आले नाई."

अशा रीतीनं हंसाच्या धडावर बैलाचं मुंडकं बसलं. काम चोख होतं. वळणदार शिंगं, काळे डोळे, कपाळावर चांद. खाली शालिग्रामनं पाणबुडी पंपाच्या गाड्याची चार चाकं लावली, म्हणजे तलावापर्यंत ओढत नेता यावं. मग गळती तपासायची वेळ आली. तपासायला पाण्यात न्यायचं, तर गळत असली तर बुडणार. तेव्हा माणिकरावानं तोड काढली. जिथून पाणी आत येतं तिथूनच ते बाहेर जातं, म्हणून बोटीतच पाणी भरावं. भरलं. चार ठिकाणी गळलं, चारही ठिकाणी डांबर लागलं. दोन दिवस बोट अंगणात काठोकाठ भरून उभी होती. शेजारच्या शेळ्या येऊन तिच्यात पाणी पिऊन गेल्या आणि रंगूबाई जाता-येता तिच्याकडे भक्तिभावानं बघत राहिली.

सगळं तयार झालं त्या दिवशी पोळा होता. पोळ्याला बैलाला कामाला लावत नाहीत.

"अवो, थे बोट हाय," रंगूबाई म्हणाली.

"शिंगं हायेत," रामकिसन म्हणाला. "सनाच्या दिवशी लोक नावं ठेवतीन."

खरं कारण दुसरं होतं आणि ते तो बोलला नाही. तीन वर्षांपूर्वी त्यानं आपली जोडी विकली होती. तेव्हापासून दर पोळ्याला तो तोरणाखाली रिकाम्या हातानं उभा राही आणि लोकांच्या बैलांना बरं म्हणून घरी येई. गोठ्यातली दोन खुंटं त्यानं उपटली नव्हती. आदल्या संध्याकाळी बायको आत असताना त्यानं वाटीत लोणी-हळद घेऊन बोटीच्या मानेला चोळली होती, खऱ्या बैलाचे खांदे शेकतात तशी.  फायबरच्या वस्तूसाठी रडू येणं बरं नव्हे, म्हणून त्यानं उरलेलं लोणी आपल्याच हातांना पुसलं आणि वाटी घासून जागेवर ठेवली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो आणि माणिकराव बोट ओढत तलावाकडे निघाले. खुर्च्यांना ऊन लागू नये म्हणून रंगूबाईनं वरून जुनी झूल टाकली होती. तलावाची वाट शाळेच्या मैदानावरून जाते, आणि मैदानात तान्हा पोळा भरला होता. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा येऊन घाईत होते. सरपंच वर्षाराणीताईंच्या हातात माईक होता. त्यांनी फाटकातून आत येणारा तो आठ फुटी नंदी पाहिला आणि त्यांचा आवाज चढला.

"अन् हे बघा, सर्वात भव्य बैल. आपल्या रामकिसनभाऊंचा."

चाकं, शिंगं, झूल. नियमपत्रिकेतल्या तिन्ही अटी पुऱ्या होत होत्या. पाहुण्यांनी गाडीचं इंजिन बंद न करता पहिला नंबर जाहीर केला. रामकिसनच्या गळ्यात हार पडला, हातात ढाल आली आणि तीन वर्षांनी लोकांनी त्याच्या बैलासाठी टाळ्या वाजवल्या. ही बोट आहे, एवढे तीन शब्द बोलायचे होते. ते त्याच्या जिभेवर आलेही होते. पण ढाल चकचकीत होती आणि तिच्यावर त्याचं नाव घालायला पेंटर मागं उभा होता.

स्पर्धकांच्या नोंदवहीत वयाच्या रकान्यात 'चौदा वर्षांखालील' असं आधीच छापलेलं होतं. म्हणजे त्या दिवसापासून कागदावर नवरा चौदाच्या आतला आणि बायको एकोणऐंशीची असं ते कुटुंब झालं.

दुपारी त्यांनी बोट तलावावर नेली. तिथं चौकीदार दौलतसिंग खाटेवर पेपर वाचत बसला होता. त्यानं बोटीकडे पाहिलं आणि मग शेजारच्या फलकाकडे बोट केलं. 'या तलावात जनावरे धुण्यास व उतरविण्यास सक्त मनाई आहे.'

"दौलतभाऊ, हे बोट हाय."

"रामकिसनभाऊ, तुले म्या हार घालतानी पाह्यलं. टाळ्या म्या बी वाजवल्या. तवा काहून नाई सांगतलं बोट हाय म्हनून?" दौलतसिंगनं शांतपणे विचारलं. "मागच्या साली एक म्हैस शिरली तं मले मेमो भेटला होता. तू असं कर, जनावराच्या दवाखान्यातून लिहून आन, का हे जनावर नाई. मंग म्या सोता लोटून देतो पान्यात."

यात गैर काहीच नव्हतं. बोट ट्रॉलीत आडवी घालून रामकिसन तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेला. तिथल्या साहेबांनी त्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं.

"हे जनावर नाही, असा दाखला मला देता येतो," ते म्हणाले. "पण दाखला देण्यासाठी प्रकरण संगणकात घ्यावं लागेल, आणि आमच्या संगणकात फक्त जनावरच घेता येतं. तर आधी नोंद करू. मग नोंद रद्द करू. नाव?"

"बोट."

"बैलाचं नाव बोट," साहेबांनी टाइप केलं. "रंग पांढरा. मुक्काम कुठं असतो?"

"मुक्काम कायचा, साहेब. त्याले तलावापल्याड माह्या वावरात न्याचं हाय. गट नंबर एकशे बारा."

"मुक्काम, गट नंबर एकशे बारा." साहेबांनी ड्रॉवरमधून पिवळा बिल्ला काढला आणि चिमट्यानं लाकडी कानात बसवला. बिल्ला बसला की लस टोचणं ओघानं आलं. पहिली सुई मोडली. दुसरी सांध्यातल्या डांबरात रुतली. साहेबांनी शेरा लिहिला, 'जनावर शांत. त्वचा टणक. इतर तक्रार नाही.'

"आता रद्द करा," रामकिसन म्हणाला.

साहेबांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. नोंद रद्द करण्याची कारणं तिथं तीनच होती. विकला, मेला, हरवला. चौथा पर्याय नव्हता.

"यात बोट निघाला असा काई रकाना नाई?"

"वर कळवतो," साहेब म्हणाले. "तोवर लस टोचलेलं जनावर एकवीस दिवस सार्वजनिक पाण्यात घालू नका. नियम आहे."

रामकिसन घरी आला. रंगूबाईनं बिल्ला पाहिला.  दुसऱ्या दिवशी ती साडेसातची गाडी धरून वावरात गेली आणि झोपलेल्या रोह्यांवर लक्ष ठेवून परत आली. सोयाबीनच्या शेंगा भरत चालल्या होत्या. धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या, चार ओळी पार सफाचट झाल्या होत्या. अंगणातून ते दोघांनाही दिसत होतं.

आठव्या दिवशी दारात ढेपेचं, म्हणजे सरकी पेंडीचं, पोतं आलं. बिल्ला असलेल्या प्रत्येक बैलामागं एक पोतं, अशी योजना निघाली होती. रामकिसननं पोतं आणणाऱ्याला खरं सांगायचा प्रयत्न केला. पण त्यासाठी पोतं ट्रॉलीत परत चढवावं लागलं असतं आणि त्या माणसाची कंबर दुखत होती. सही झाली. ढेप शेजारच्या म्हशीला गेली आणि बदल्यात रोज तांब्याभर दूध येऊ लागलं. रंगूबाईनं त्या दुधाचा चहा केला तेव्हा रामकिसनला तो बरा लागला.

गावाच्या लक्षात यायला दोन दिवस पुरले. तिसऱ्या दिवसापासून शालिग्रामच्या दारात रांग लागली. कोणी पिठाच्या गिरणीला मुंडकं बसवलं, कोणी बंद पडलेल्या फ्रिजला. वर्षाराणीताईंच्या नवऱ्याच्या मोटरसायकलला शिंगं आली. मुंडकं बसलं की जनावरांच्या दवाखान्यात नोंद होऊन बिल्ला मिळे. दौलतसिंगनं पाच दिवस दम धरला आणि मग चौकीतल्या खाटेला मुंडकं आणि चाकं लावून घेतली. "शेळ्यांले ढेप लागते," एवढंच तो म्हणाला. ज्या खाटेवर बसून तो जनावरांना पाण्यापासून लांब ठेवी, ती आता स्वतःच जनावर असल्यामुळं त्यानं तिला काठापासून नियमानं वीस फूट मागं घेतलं. माणिकराव प्रत्येक नव्या बैलाच्या पाठीवर थाप मारून देई. त्याला कित्येक वर्षांनी सकाळी घाईघाईनं जेवून बाहेर पडावं लागत होतं.

महिन्याच्या आत अंबाडखेडच्या नऊ बैलांचे चौऱ्याऐंशी झाले. ट्रॅक्टरच्या जमान्यात बैल नऊ पटींनी वाढवणारं दुसरं गाव जिल्ह्यात नव्हतं. गावाची आदर्श पशुधन ग्राम म्हणून शिफारस झाली, आणि पडताळणीला मोठे साहेब यायचं ठरलं.

ते आले तेव्हा एकवीस दिवस संपून गेले होते, दाखल्याबद्दल वरून काही उत्तर आलं नव्हतं आणि सोयाबीन निम्मं उरलं होतं. सारं गाव आपापली जनावरं घेऊन रस्त्याच्या दुतर्फा उभं होतं. गिरणीवाल्यानं पट्टा काढून ठेवला होता. साहेब हुशार होते, त्यामुळं कशापाशीच फार वेळ न थांबता ते थेट यादीतल्या पहिल्या नावाकडे आले. त्यांनी झूल उचलली. खाली चार खुर्च्या होत्या.

"खरं सांगा," ते हळू आवाजात म्हणाले, "ही बोट आहे ना?"

रामकिसननं झुलीची दुसरी बाजू घट्ट धरली.

"घाबरू नका. मला तसा अधिकार आहे. बोट असेल तर आत्ता लिहून द्या, मी माझ्या हातानं नोंद खोडतो. उद्या सकाळी पाण्यात घाला. फक्त मग बाकीचे त्र्याऐंशीही मला असेच उघडून बघावे लागतील."

रामकिसननं साहेबांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. पाणी संथ होतं. वावरात सहाही रोही उभे होते, पोटापर्यंत सोयाबीनमधे. तीनशे पावलं. मग त्यानं मागं पाहिलं. दौलतसिंग खाटेच्या शिंगांना धरून उभा होता. माणिकराव खाली बघत होता. 'एक मिनिट साहेब' म्हणून रामकिसन दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे गेला.

"सांगू काय खरं?"

रंगूबाईला ती बोट सगळ्यात जास्त हवी होती. तिचे गुडघे त्या क्षणीही ठणकत होते. तिनं पलीकडे पाहिलं, बोटीकडे पाहिलं, आणि पदराच्या गाठीतलं आधार कार्ड चाचपलं.

"सांगा नं," ती म्हणाली. "मंग साहेब म्हनन, एक खोटं निघालं तं सारं घरच तपासतो. मंग मले विचारन, बाई, तुमी एकोनऐंशीच्या अन् तुमचा पोरगा एकतीसचा, हे कसं काय जमलं?"

रामकिसन परत आला.

"बैलच हाय, साहेब," तो म्हणाला. "चालाले जरा मंद हाय."

साहेबांनी झूल खाली सोडली. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, कारण त्र्याऐंशी ठिकाणी वाकायचं वाचलं होतं आणि पुरस्काराचं पत्र गाडीत टाइप होऊन पडलं होतं. टाळ्या झाल्या. पलीकडे रोह्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

दसऱ्यापर्यंत वावरात नुसती धसकटं उरली. रामकिसननं रीतीप्रमाणं अर्ज केला की वन्यप्राण्यांनी पीक खाल्लं, भरपाई मिळावी. चौकशी झाली. फार काटेकोर झाली, संगणकावर गट नंबर टाकून झाली. महिन्यानं पत्र आलं. ते माणिकरावानं चष्मा लावून दोघांना वाचून दाखवलं.

'सदर गटात वन्यप्राण्यांची कोणतीही नोंद आढळून येत नाही. सदर गट नंबर एकशे बारामध्ये मुक्कामी असलेले एकमेव जनावर म्हणजे अर्जदाराच्या स्वतःच्या मालकीचा, बोट नावाचा बैल होय. पिकाचे नुकसान सदर बैलानेच केल्याचे सिद्ध होत असल्याने अर्ज फेटाळण्यात येत आहे. अर्जदाराने आपले जनावर यापुढे मोकळे सोडू नये, अशी सक्त ताकीद देण्यात येत आहे.'

रंगूबाईनं पत्र हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. "म्हन्जे आपलं सोयाबीन ह्या बोटीनं खाल्लं?"

"कागदावर तं तसंच दिसते," माणिकराव म्हणाला. "म्या घेतानीच पाह्यलं होतं, दात नाईत म्हनून. पन माह्यं कोन आयकते."

रामकिसन उठला. ताकीद सक्त होती आणि खाली सही-शिक्का होता. त्यानं गोठ्यातलं जुनं दावं काढलं, बोट ओढत आत नेली आणि तिला रिकाम्या खुंटाला बांधलं. गाठ पक्की बसली का, ते दोनदा ओढून पाहिलं. बांधताना त्याचा हात नकळत तिच्या मानेवरून फिरला. बाहेर रंगूबाई उद्याच्या गाडीसाठी पिशवी भरत होती. राखायला आता काही उरलं नव्हतं, पण हरभरा पेरायचा म्हटला तरी वावरात जायला सतरा किलोमीटर पडणारच होते, आणि एसटी फुकट होती.

वाचताना हसू आलं असेल तर खुशाल हसा. मग कपाटातली ती प्लॅस्टिकची पिशवी काढा, जिच्यात घरातली सगळी कार्डं आणि दाखले गुंडाळून ठेवलेत. त्यात चुका दोन तरी असतील. जी तोट्याची होती, ती तुम्ही खिडकीवर चार चकरा मारून कधीच दुरुस्त करून घेतलीत. दुसरी अजून तशीच आहे. असू द्या, घाई नाही. फक्त पडताळणीला कोणी आलंच, तर काय सांगायचं ते घरात सगळ्यांनी मिळून एकदा ठरवून ठेवा.